वेलिगामाची लाट नवशिक्याला का झेपते

श्रीलंकेच्या अगदी दक्षिण टोकाला, मातरा शहराजवळ, देवुन्दर नावाचे भूशिर आहे. तिथल्या दीपगृहापासून नाकासमोर दक्षिणेकडे निघाले, तर अंटार्क्टिकाचा बर्फ लागेपर्यंत वाटेत जमिनीचा एक तुकडाही आडवा येत नाही. म्हणजे हा सगळा किनारा पृथ्वीवरच्या सर्वांत वादळी समुद्राकडे तोंड करून बसलेला आहे. तरीही देवुन्दरपासून पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर असलेल्या वेलिगामाच्या छोट्या उपसागरात सर्फबोर्डला आयुष्यात पहिल्यांदाच हात लावणारी माणसे रोज सकाळी पाण्यात उतरतात, आणि पहिल्या दीड-दोन तासांत त्यांतली बरीचशी दोन-चार सेकंद का होईना, बोर्डवर उभी राहतात. ही सौम्यता कुठून येते आणि ती कुठे संपते, हे समजून घेण्यासारखे आहे. ‘नवशिक्यांसाठी सुरक्षित किनारा’ हे शब्द जाहिरातींत फार सैलपणे वापरले जातात. वेलिगामाचे पाणी सौम्य असते ते ठरावीक महिन्यांत, ठरावीक प्रकारच्या लाटेला आणि ठरावीक खोलीपर्यंत. या तिन्ही अटी माहीत नसतील तर तोच उपसागर अंगावर येऊ शकतो.

सुरुवात लाटेच्या जन्मापासून करावी लागते. दक्षिण गोलार्धात 40 ते 60 अंश अक्षांशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवणारी जमीन जवळजवळ नाही. शाळेच्या भूगोलात ज्यांना ‘गरजणारे चाळीस’ म्हणून आपण शिकलो, ते वारे इथलेच. दिवसचे दिवस एकाच दिशेने वाहणारा वारा पाण्याला जी ऊर्जा देतो, ती लाटांच्या रूपाने त्या वादळापासून दूर निघते. पाणी स्वतः प्रवास करत नाही. ते जागच्या जागी गोल फिरते आणि पुढे सरकते ती फक्त ऊर्जा. वादळाच्या टापूबाहेर पडलेल्या, वाऱ्याचा आधार सुटूनही चालत राहणाऱ्या या लाटांना सर्फिंग करणारे ‘स्वेल’ म्हणतात, आणि आपणही इथे तोच शब्द वापरू.

स्वेलचा वेग ठरतो तो एका माथ्यानंतर दुसरा माथा किती सेकंदांनी येतो यावर. खोल समुद्रात 14 सेकंदांच्या लाटेची लांबी 300 मीटरांहून थोडी अधिक भरते आणि तिचा प्रत्येक माथा ताशी सुमारे 78 किलोमीटर वेगाने धावतो. लाटांचा अख्खा जथा मात्र त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ताशी 39 किलोमीटरच्या आसपास सरकतो, कारण जथ्याच्या पुढच्या टोकाला माथे विरत जातात आणि मागच्या टोकाला नवे उगवत राहतात. 50 अंश दक्षिण अक्षांशापासून वेलिगामापर्यंतचे अंतर साधारण 6,200 किलोमीटर आहे. हिशेब मांडला तर सोमवारी तिकडे उठलेली लाट पुढच्या रविवारच्या सुमारास वेलिगामाला पोहोचते. इतक्या लांब येऊनही तिची ऊर्जा संपत कशी नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने 1963 साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत निरीक्षण केंद्रांची एक लांब रांग मांडून दक्षिणेकडच्या वादळांत जन्मलेल्या लाटांचा संपूर्ण प्रशांत महासागरात माग काढला, आणि वादळाच्या आसपासचा टापू ओलांडल्यावर लांब लाटांची ऊर्जा वाटेत फारच थोडी खर्च होते, असे आढळले.

या लांबच्या प्रवासाचा नवशिक्याला थेट फायदा होतो. वादळाच्या जागी समुद्र म्हणजे लहान-मोठ्या, आडव्या-तिडव्या लाटांचा नुसता गोंधळ असतो. त्यांतल्या आखूड लाटा हळू चालतात आणि वाटेतच फुटून विरतात, लांब लाटा वेगाने पुढे निघतात. हजारो किलोमीटर गेल्यावर सारख्या मापाच्या लाटा आपोआप एकत्र आलेल्या असतात. शिवाय ही ऊर्जा पंख्यासारखी पसरत जात असल्याने उंचीही उतरलेली असते. किनाऱ्यावर येते ती एकामागून एक, ओळीत, मध्ये पुरेसा वेळ सोडून येणारी लाट. ज्याला एक लाट हुकल्यावर उठून, बोर्ड वळवून, पुन्हा पोटावर आडवे व्हायला वेळ लागतो, त्याच्या दृष्टीने लाटेच्या उंचीइतकाच हा मधला वेळही मोलाचा असतो.

मात्र याच नीटनेटकेपणातून एक फसगत निघते. थोड्या वेगळ्या मापाच्या दोन स्वेल एकत्र आल्या की काही वेळ त्यांचे माथे एकमेकांवर चढतात आणि काही वेळ एकमेकांना खोडतात. त्यामुळे मोठ्या लाटा चार-पाचच्या गटाने येतात, ज्याला ‘सेट’ म्हणतात, आणि दोन सेटच्या मध्ये काही मिनिटे समुद्र अगदी निवांत दिसतो. काठावर उभे राहून दोन मिनिटे पाहायचे, ‘आज काहीच नाही’ म्हणायचे आणि आत शिरायचे, ही चूक पर्यटक नेमकी या निवांत वेळात करतात. पाण्यात उतरण्यापूर्वी निदान पंधरा-वीस मिनिटे समुद्र पाहत बसणे हा वेळेचा अपव्यय वाटतो खरा. पण त्या दिवसाची सर्वांत मोठी लाट केवढी आहे, हे कळायला दुसरा उपाय नाही.

आता उपसागराकडे येऊ. वेलिगामाची पुळण साधारण दोन किलोमीटर लांबीची, चंद्रकोरीसारखी वळलेली आहे. तोंड दक्षिणेला आणि दोन्ही टोकांना खडक. काठापासून हाकेच्या अंतरावर तॅप्रोबेन नावाचे चिमुकले बेट आहे, ज्यावर मॉरिस तालवांद या स्वतःला काउंट द मोनी म्हणवणाऱ्या गृहस्थाने 1920 च्या दशकात बंगला बांधला. पाणी उतरलेले असेल तर तिथपर्यंत चालत जाता येते, यावरूनच उपसागराचा तळ किती उथळ आहे याची कल्पना यावी. सर्फिंगच्या दृष्टीने बेटापेक्षा महत्त्वाचा आहे तो हा तळ आणि दोन बाजूंचे खडक.

लाटेची हालचाल पाण्यात तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते. 300 मीटर लांबीच्या लाटेला म्हणूनच 150 मीटर खोलीवरच तळ ‘लागतो’ आणि तिथपासून तिचा वेग कमी होऊ लागतो. किनाऱ्याच्या बाहेर आलेल्या भूशिराजवळ पाणी आधी उथळ होते, उपसागराच्या मध्यासमोर ते अजून खोलच असते. एकाच लाटेचा एक भाग मंदावतो आणि दुसरा त्याच वेगाने पुढे जातो, त्यामुळे संपूर्ण लाट वळते. संचलनात रांग वळताना आतल्या टोकाचा जवान जागच्या जागी पावले टाकतो, बाहेरचा लांब ढांगा टाकतो आणि रांग न मोडता दिशा बदलते, तसाच हा प्रकार आहे. प्रकाशाच्या बाबतीत यालाच आपण अपवर्तन म्हणतो. परिणाम असा की दोन्ही बाजूंच्या लाटा भूशिरांकडे झुकतात, तिथे ऊर्जा एकवटते, आणि उपसागराच्या वाट्याला आलेली ऊर्जा मात्र लांबच लांब पुळणीवर पसरून पातळ होते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची निम्मी झाली की ऊर्जा चौथाई उरते. म्हणूनच बाहेर छातीएवढी असलेली लाट आत कमरेएवढी होऊन येते, तेव्हा पडल्यावर बसणारा तडाखा डोळ्यांना जाणवणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी कमी असतो.

याचा पुरावा पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही. वेलिगामापासून पाच-सहा किलोमीटर पश्चिमेला मिडिगामा आहे. तिथे प्रवाळाच्या खडकावर ‘रॅम्स’ नावाची लाट फुटते, आणि तिच्या वाटेला अनुभवी माणसेच जातात. दिवस तोच, स्वेल तीच, वारा तोच. फरक तळाचा आणि किनाऱ्याच्या आकाराचा.

लाट फुटते कधी, याचा एक ढोबळ नियम आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपटीवर आली की लाटेचा खालचा भाग तळाला घासून मंदावतो, माथा पुढे कलंडतो आणि लाट फुटते. एक मीटरची लाट म्हणजे सुमारे 1.3 मीटर पाण्यात फुटणार. पण ती फुटते कशी, हे तळाच्या उतारावर अवलंबून असते. खडक एकदम वर आला तर माथ्याला सावरायला वेळच मिळत नाही. तो कमान करून पुढे झेपावतो आणि दाणकन आदळतो. छायाचित्रांत दिसणारी ती सुंदर पोकळ लाट हीच, आणि नवशिक्यासाठी ती सर्वांत वाईट. वेलिगामात वाळूचा तळ हळूहळू चढत येतो. त्यामुळे माथा आधी थोडा ढासळतो, फेस उताराच्या अंगाने खाली घरंगळू लागतो आणि लाट बऱ्याच अंतरापर्यंत आपली शक्ती हप्त्याहप्त्याने सोडत काठाकडे येते. त्यातून जो फेसाळ पट्टा तयार होतो, तोच नवशिक्याचा वर्ग. वाळूचा आणखी एक गुण उघड आहे: पडल्यावर ती कापत नाही.

कोकणातल्या वाचकाला इथे भरती-ओहोटीचा प्रश्न पडेल, आणि तो रास्त आहे. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो; श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर तो अर्ध्या-पाऊण मीटरच्या आसपासच असतो. पन्नास मीटरला एक मीटर असा उतार धरला, तर तीन मीटरच्या भरती-ओहोटीत लाट फुटण्याची जागा दिवसातून दोनदा दीडशे मीटर पुढे-मागे सरकते, आणि साठ सेंटीमीटरच्या फरकात केवळ तीस मीटर. म्हणून कोकणात जिथे सकाळी कमरेएवढे पाणी असते तिथे दुपारी पाय टेकत नाहीत किंवा उघडी वाळू असते, तर वेलिगामात शिकवण्याचा पट्टा दिवसभर जवळपास त्याच जागी राहतो. तिथिवार पाहून, उधाण की भांग हे ठरवून समुद्रात उतरण्याची आपल्याकडची सवय चांगलीच आहे, पण वेलिगामात तिचे काम थोडे. तिथे पाहायचा तो वारा.

वाऱ्याबाबतही शाळेतलेच ज्ञान उपयोगी पडते. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवस चढला की जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. मतलई वारा येणाऱ्या लाटेच्या तोंडावर समोरून लागतो, तिचा माथा थोडा वेळ सावरून धरतो आणि पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. खारा वारा लाटेला मागून ढकलतो. ती वेळेआधीच आणि वेडीवाकडी फुटते. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात या बेटावर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा अंमल असतो. ते दक्षिण किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, म्हणजे मतलई वाऱ्याला त्यांची जोड मिळते आणि सकाळचे पाणी स्वच्छ राहते. मे ते सप्टेंबरमध्ये नैऋत्य मोसमी वारे सरळ या किनाऱ्यावर चालून येतात. त्यातच दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा असल्याने तिकडची वादळेही जोरात असतात. उपसागराला मिळणाऱ्या पोलवत्त नदीचे पावसाळी गढूळ पाणी वेगळेच. तेव्हा शहाणी माणसे बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आरुगम बे इथे जातात, जिथे त्या महिन्यांत हाच वारा जमिनीकडून येतो. एका लहान बेटाला सर्फिंगचे दोन हंगाम मिळतात ते या अदलाबदलीमुळे, आणि स्वस्त विमानतिकीट पाहून जुलैत वेलिगामा गाठणाऱ्यांच्या हे लक्षात येते ते तिथे पोहोचल्यावर.

हे सारे जमून आले तरी लाट पकडणे म्हणजे नेमके काय घडते, ते आता जरा जवळून पाहू. एक मीटर खोलीच्या पाण्यात लाट ताशी सुमारे 11 किलोमीटर वेगाने पुढे येते. नवशिक्या पोटावर झोपून हाताने पाणी मारतो तेव्हा त्याचा वेग याच्या निम्म्याच्याही आत राहतो. लाटेवर स्वार व्हायचे तर हा फरक कसा तरी भरून निघाला पाहिजे, नाहीतर लाट खालून निघून जाते. फुटलेल्या लाटेचा फेस बोर्डला मागून ढकलतो, शिक्षक बोर्डच्या शेपटीला, म्हणजे मागच्या टोकाला, धरून एक जोराचा रेटा देतो आणि लांब बोर्ड पाण्यावर सहज घसरतो; या तिन्हींच्या बेरजेतून तो फरक भरतो. म्हणूनच नवशिक्याला आठ-नऊ फुटांचा, वरून फोमचा मऊ थर असलेला ‘सॉफ्टटॉप’ देतात. बोर्डच्या आकारमानाचा ढोबळ हिशेब असा की शरीराचे वजन जितके किलो, निदान तितके लिटर, आणि सुरुवातीला त्याहून बरेच अधिक. भाड्याच्या दुकानात लहान, टोकदार, झोकदार बोर्ड खुणावत असतो. तो घेणारा माणूस आठवडाभर लाटा निघून जाताना पाहत बसतो.

बोर्डवर झोपण्याची जागा बोटभर चुकली तरी सगळे बिघडते. छाती फार पुढे गेली तर लाट शेपटी उचलते, बोर्डचे नाक, म्हणजे पुढचे टोक, पाण्यात रुतते आणि माणूस पुढे फेकला जातो. फार मागे राहिली तर नाक वर येऊन ब्रेक लागल्यासारखे होते. पायाची बोटे शेपटीच्या काठाला लागतील आणि नाक पाण्यापासून चार बोटे वर राहील, अशी जागा सापडली की ती छातीखालच्या एखाद्या खुणेने लक्षात ठेवायची. फेस येऊन भिडतो तेव्हा आधी शेपटी वर उचलली जाते, मग क्षणभर बोर्ड अडखळल्यासारखा वाटतो आणि मग एकदम मोकळा सुटतो. बहुतेक जण या अडखळण्याच्याच क्षणी घाईने उठतात आणि कोसळतात. बोर्ड मोकळा सुटून स्थिर झाला की मगच तळवे बरगड्यांपाशी दाबून, एका झटक्यात पाय छातीखाली आणायचे. गुडघ्यावर टेकून मग उठण्याची सोय टाळावी, कारण ती सवय नंतर मोडत नाही. नजर पायांकडे गेली की तोल पायांकडेच जातो. ती काठावरच्या एखाद्या माडावर ठेवलेली बरी.

पडणे तर होणारच. उथळ पाण्यात डोके खाली करून कधीही पडू नये, अंग सैल सोडून पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडावे आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती असावेत. घोटा आणि बोर्ड यांना जोडणारी ‘लीश’ नावाची दोरी ताणली जाऊन बोर्ड उलट आपल्याकडेच झेपावतो, आणि वर आलेले डोके त्याच्या वाटेतच असते. चालत आत जाताना बोर्ड शरीराच्या बाजूला धरावा. तो आपण आणि लाट यांच्या मध्ये आडवा धरला, तर कमरेएवढी लाटसुद्धा तो पोटात किंवा तोंडावर मारते. वेलिगामातल्या दुखापतींविषयी माझे मत असे की तिथे समुद्रापेक्षा बोर्ड अधिक लागतात. हंगामात त्या पट्ट्यात इतकी गर्दी असते की दुसऱ्याच्या हातून सुटलेला बोर्ड हाच मोठा धोका. लाटेवर पहिला हक्क फुटण्याच्या जागेच्या सर्वांत जवळ असलेल्याचा, हा जगभरचा नियम तिथे निम्म्या लोकांना माहीत नसतो. त्यामुळे आपला हक्क असला तरी मान वळवून पाहणे सोडू नये.

उपसागराची सौम्यता कुठे कमी पडते, हे आता सांगितले पाहिजे. लाटांबरोबर काठाकडे ढकलले गेलेले पाणी कुठून तरी परत जावेच लागते. ते वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोल पट्ट्यातून, खडकांच्या कडेने किंवा नदीच्या मुखाजवळून एकवटून बाहेर पडते. हाच ‘रिप करंट’. तो खाली ओढत नाही, बाहेर नेतो. तिथे तळ खोल असल्याने लाटा फुटत नाहीत, फेस दिसत नाही, पाणी किंचित गडद आणि शांत वाटते, आणि पोहता न येणारा माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून निवडतो. आपल्याकडच्या किनाऱ्यांवर सहलीला आलेली मुले बुडतात त्यातल्या बऱ्याच घटनांमागे ही गफलत असते. जोरदार रिप सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेग घेऊ शकतो, आणि त्याच्या विरुद्ध पोहून काठ गाठणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही अवघड. किनाऱ्याला समांतर सरकत त्या अरुंद पट्ट्याबाहेर पडावे आणि मग फुटणाऱ्या लाटांच्या मदतीने परत यावे. बोर्ड असेल तर तो अजिबात सोडू नये. त्याच्यासारखे तरंगणारे साधन दुसरे नाही. हात उंच हलवून मदत मागण्यात कमीपणा मानू नये. वेलिगामाच्या मधल्या पट्ट्यात हा प्रवाह एरवी क्षीण असतो, पण दोन्ही टोकांचे खडक आणि नदीचे मुख नवशिक्याने लांबच ठेवावे.

आणि हे संरक्षण फक्त वाऱ्याने उठलेल्या लाटांपुरते आहे. त्सुनामीची लांबी शेकडो किलोमीटर असते. तिच्यापुढे भूशिरांचा आडोसा टिकत नाही, उलट वळणदार उपसागरात पाणी आणखी चढते. 26 डिसेंबर 2004 रोजी वेलिगामानेही ते भोगले. समुद्र अचानक नेहमीपेक्षा फार मागे हटला किंवा जमीन जोरात हादरली, तर बोर्ड टाकून उंचावर जायचे, एवढे प्रत्येकाला पाठ हवे. हिंदी महासागरासाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्रातून 2007 पासून त्सुनामीचे इशारे दिले जातात. त्याच केंद्राकडून आपल्या किनाऱ्यांसाठी उंच स्वेल लाटांचेही इशारे येतात, कारण दक्षिणेची ही लाट केरळातही पोहोचते आणि तिथे ऐन उन्हात, वारा नसताना वस्तीत पाणी घुसवते. मल्याळममध्ये त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. आभाळ निरभ्र म्हणून समुद्र शांत, हा समज या लाटेपुरता सोडून द्यावा लागतो.

वेलिगामाची एक मर्यादा शिक्षणाच्या बाजूनेही आहे. पुळणीवर लाट बहुधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदमच कोसळते. तिच्या न फुटलेल्या भिंतीवरून आडवे जाण्याची संधी कमी मिळते. उभे राहणे, तोल, पडणे, लाट ओळखणे हे तिथे उत्तम शिकता येते. आडवे वळण घ्यायचे असेल तर पुढे मिडिगामातली ‘लेझी राइट’ किंवा देवुन्दरच्या पलीकडचा हिरिकेटियाचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा चिमुकला उपसागर गाठावा. फेसात न पडता सरळ जाता येणे आणि बोर्ड हवा तेव्हा थांबवता येणे या दोन गोष्टी जमल्याशिवाय मात्र ती घाई करू नये.

उरतो तो लाटांचा अंदाज वाचण्याचा भाग. मोबाइलवर कोणतेही सर्फिंगचे अ‍ॅप उघडले की लाटेची उंची, दोन माथ्यांमधले सेकंद, लाटेची दिशा आणि वारा असे चार आकडे दिसतात. ते खुल्या समुद्राचे असतात, उपसागराचे नव्हेत. समजा 1.2 मीटर, 13 सेकंद, दक्षिण-नैऋत्य आणि ईशान्येचा मंद वारा असे लिहिले आहे: जानेवारीतली ही सकाळ नवशिक्यासाठी सुरेख. उंची तीच, पण 7 सेकंद आणि नैऋत्येचा ताशी 25 किलोमीटर वारा असेल, तर लाटा दुबळ्या, विस्कळीत आणि एकमेकींच्या पाठीवर येणाऱ्या असतील. धोका फारसा नाही, पण हात लवकर गळून जातील आणि शिकणे थोडेच होईल. आता 2.2 मीटर आणि 17 सेकंद पाहा. उंचीच्या वर्गाला सेकंदांनी गुणले की लाटेच्या ताकदीचा अंदाज येतो, आणि तो हिशेब पहिल्या सकाळच्या तुलनेत साडेचारपटीच्या जवळ जातो. अशा दिवशी दोन सेटमधली शांतता लांबते, मध्ये पाणी सपाट दिसते, आणि मग चार-पाच जड लाटा सगळ्या उपसागरात एकदम कोसळतात. चांगला शिक्षक त्या दिवशी नवशिक्याला गुडघाभर फेसात, आडोशाच्या कोपऱ्यात ठेवतो किंवा शिकवणी सरळ रद्द करतो. तेव्हा रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की दुसऱ्या दिवशीची वेळ मिळते, एवढे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी विचारून ठेवावे.